बिल थकलं, पुढे काय? छोट्या कंत्राटदारांसाठी कायदेमदत संच: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आज कामाला सुरुवात. प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम, फॉल्स सीलिंग, फॅब्रिकेशन, छोटं सिव्हिल काम घेणारे कंत्राटदार आणि त्यांच्याखालचे सब-काँट्रॅक्टर यांच्यासाठी मराठीत एक कायदेमदत संच तयार करायचा आहे. पत्रांचे नमुने, मुदतींचा तक्ता, आणि कोणता वाद कुठे न्यायचा याचं साध्या भाषेतलं मार्गदर्शन. गटात आम्ही दोन वकील, बिलं तपासण्यात आयुष्य गेलेले एक अभियंता आणि एक हिशेबनीस आहोत.

निमित्त जुनंच आहे. कंत्राटदार वकिलाकडे येतो तो सगळे फोन, सगळे तगादे, सगळ्या ओळखी वापरून झाल्यावर. तोवर साइट दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली असते, भिंतीतली पाइपलाइन प्लास्टरखाली गेलेली असते, आणि कामाला ‘हो’ म्हणणारा प्रोजेक्ट मॅनेजर नोकरी सोडून गेलेला असतो. त्या टप्प्यावर कितीही चांगला वकील मिळाला, तरी नसलेला कागद तो कुठून आणणार? म्हणून ही मदत काम चालू असतानाच साइटवर पोचली पाहिजे, हे पहिल्याच बैठकीत पक्कं झालं.

भाषेबाबत एक नियम ठरला. संचातलं प्रत्येक वाक्य साइट सुपरवायझरला एका वाचनात कळलं पाहिजे. कलमाचा आकडा द्यायचा, पण आधी गोष्ट सांगायची आणि मग आकडा.

७ ऑगस्ट

जुन्या फाइली वाचायला घेतल्या. नावं झाकून, फक्त वादाचं स्वरूप पाहायचं म्हणून.

मूळ वर्क ऑर्डरच्या रकमेवर भांडण क्वचितच दिसतं. भांडण असतं ते एक्स्ट्रा आयटमवर, बिलातून परस्पर केलेल्या कपातीवर, शेवटच्या बिलावर आणि डिफेक्ट लायबिलिटीचा (दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीचा) काळ उलटून गेल्यावरही न सुटलेल्या रिटेन्शनवर, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेवर. पहिली दोन-तीन रनिंग बिलं (काम चालू असताना दिलेली) वेळेवर निघतात, विश्वास बसतो, मग लिहिण्याची सवय सुटते. नेमकं त्यानंतरचंच काम लटकतं.

अभियंता सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. बऱ्याच फाइलींत संयुक्त मोजणीच नाही. कंत्राटदाराने आपल्या वहीत मोजलं, समोरच्याने आपल्या एक्सेलमध्ये. मेजरमेंट शीटवर दोघांच्या सह्या असतील तर अर्धा वाद तिथेच मिटतो. नसतील तर पुढे न्यायालयाला कमिशनर (पाहणी करणारा) नेमून झाकलेलं काम उकरून बघायची वेळ येते. त्यामुळे संचाचं पहिलं पान मोजणीचं असेल आणि नोटिशीचा नमुना नंतर येईल. दुसऱ्या वकील सहकाऱ्याला हे आधी पटलं नव्हतं. लोक नोटिसच मागायला येतात, असं त्याचं म्हणणं. फाइली पाहिल्यावर तोही मोजणीच्या बाजूने आला.

१३ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस तोंडी कामावर.

“मॅडम, साहेब साइटवर आले, म्हणाले इथे अजून एक पॉइंट काढ, ती भिंत पाड, नंतर बघू. मी केलं. आता म्हणतात, ऑर्डरमध्ये कुठे आहे?” असं सांगणारे इतके भेटतात की हे संचाचं सर्वांत मोठं प्रकरण होणार.

कायदा इथे कंत्राटदाराला वाऱ्यावर सोडत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७०: एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाचा पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल हा निकाल यावरचा आधारस्तंभ आहे, १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी बांधकाम केलं. नंतर सरकारने म्हटलं की कायद्याने लागणाऱ्या नमुन्यात करार झालेलाच नाही. करार नाही हे न्यायालयाने मानलं, पण बांधकाम स्वीकारून वापरलं म्हणून कलम ७० खाली पैसे देणं भाग आहे असं ठरवलं.

हा निकाल संचात ठळक घ्यायचा, पण त्याची मर्यादाही त्याच पानावर. कलम ७० खाली वाजवी मोबदला मिळतो, तुम्ही मनात धरलेला दर मिळेलच असं नाही. काम त्यांच्या सांगण्यावरून झालं आणि त्यांनी ते वापरलं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय ‘जादा काम लेखी मंजुरीशिवाय केल्यास पैसे मिळणार नाहीत’ असं कलम ऑर्डरमध्ये असेल तर वाट आणखी अवघड होते, कारण जिथे करार त्या विषयावर बोलतो तिथे कलम ७० ला जागा उरत नाही.

यावरचा उपाय लहानसा आहे आणि तो त्याच दिवशी करायचा आहे. नमुना असा ठरवला:

“नमस्कार साहेब. आज दुपारी साइटवर आपण सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडील भिंतीचं जादा काम उद्या सकाळी सुरू करत आहोत. हे मूळ ऑर्डरमध्ये नाही. दर सोबत पाठवला आहे. काही हरकत असल्यास काम सुरू होण्याआधी कळवावं.”

यात धमकी नाही, कायद्याचा एकही शब्द नाही. तरी कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काय सांगितलं, दर काय आणि हरकत घ्यायची संधी दिली होती का, या सगळ्याची नोंद झाली. मला हा नमुना संपूर्ण संचातला सर्वांत मोलाचा वाटतो.

२० ऑगस्ट

मुदतीचा तक्ता. गटाचा सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

मुदत कायदा १९६३ च्या परिशिष्टातला अनुच्छेद १८: सांगण्यावरून केलेल्या कामाचे पैसे, देण्याची तारीख ठरलेली नसेल तेव्हा, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मागावे लागतात. शेवटचा फोन कधी झाला, शेवटचं आश्वासन कधी मिळालं, याने घड्याळ थांबत नाही. “पुढच्या महिन्यात नक्की” हे ऐकत तीन वर्षं निघून जातात आणि खरा, प्रामाणिक, कष्टाचा दावा केवळ तारखेवर बुडतो. मी हे पाहिलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही, म्हणून हा तक्ता संचाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापायचा आग्रह मी धरला.

मुदत नव्याने सुरू करण्याच्या वाटाही कायद्यात आहेत. कलम १८: मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणं लेखी मान्य करून सही केली, तर त्या तारखेपासून नवी मुदत. कलम १९: मुदतीच्या आत काही रक्कम दिली आणि ती दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल, तर तेव्हापासून नवी मुदत. चेकवर त्याची सही असतेच. पैसे थेट खात्यावर आले, तर ‘अमुक बिलापोटी इतके दिले, बाकी इतके’ असा त्याच्याकडून मेल मागून घ्यावा. आणि मुदत पूर्ण उलटून गेलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी पैसे द्यायचं वचन दिलं, तर त्या वचनावर दावा चालतो.

हिशेबनीस सहकाऱ्याने सुचवलं की दर मार्चअखेर बाकीची खात्री करून घेणारं पत्र पाठवायचं. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर अशी पत्रं मागतातच, त्यामुळे समोरचा सहसा बिचकत नाही. ‘आपल्या वहीप्रमाणे आमची बाकी इतकी आहे, कृपया सही-शिक्का करून परत पाठवावी.’ फार मोठं काम करणारी एवढीशी गोष्ट.

अजून एक मुद्दा टिपून ठेवते. ऑर्डरमध्ये ‘तीस दिवसांत क्लेम न केल्यास हक्क संपेल’ अशी वाक्यं असतात. करार कायद्याचं कलम २८, १९९७ च्या दुरुस्तीनंतर, ठरावीक काळानंतर हक्कच संपवणारी अशी अट रद्दबातल ठरवतं. तरीही त्या तीस दिवसांत पत्र द्यावंच. कायदा बाजूने असला तरी त्यासाठी भांडायची वेळ का आणायची?

२१ ऑगस्ट

छोटी नोंद. समोरचा “हे आमचे कंत्राटदारच नव्हेत” म्हणाला तर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापून भरलेल्या कराचा उतारा, काढून बघायचा. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४सी खाली त्याने तुमच्या नावावर टीडीएस कापून भरलेला असेल, तर नातं नाकारणं त्याला जड जातं. पण टीडीएस म्हणजे देणं मान्य केलं, असं धरून मुदतीबाबत निश्चिंत राहू नये.

२ सप्टेंबर

पुरावा म्हणून व्हॉट्सॲप. साइटवरचा सगळा व्यवहार आता तिथेच होतो आणि ‘कोर्टात चालतं का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

चालतं, पण रीतसर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात नोंदीचं हॅश मूल्यही (नोंद बदललेली नाही हे ताडून बघायचा संगणकी आकडा) द्यावं लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितलं. ते प्रकरण निवडणुकीचं होतं, पण तत्त्व सगळीकडे लागतं.

कंत्राटदारासाठी याचा अर्थ इतकाच की मूळ फोन विकू नये, फॉरमॅट करू नये, चॅट पुसू नये. नुसता स्क्रीनशॉट ठेवून फोन बदलला तर पुढे अडचण येते. महत्त्वाचं संभाषण महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवावं. फोटो काढताना झाकल्या जाणाऱ्या कामाचा फोटो टेप लावून काढावा, म्हणजे माप दिसतं. ही शेवटची सूचना आमच्या अभियंता सहकाऱ्यांची.

९ सप्टेंबर

लघुउद्योगांचा कायदा. आज वादळी चर्चा झाली.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ कागदावर छोट्या पुरवठादाराचा सर्वांत मोठा आधार आहे. कलम १५: लेखी करार असला तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सप्टेंबर २०२५ मध्ये बँक दर ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याज १७.२५ टक्के. हिशेबनिसांनी गणित करून दाखवलं: १० लाखांवर एका वर्षाचं व्याज साधारण १ लाख ८६ हजार ८०० रुपये होतं. कलम १८ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकबाकीचे असे वाद ऐकणारी सरकारी परिषद) अर्ज करता येतो, तोही पुरवठादार जिथला आहे तिथल्या कौन्सिलकडे. आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणारा त्रयस्थ. आणि कलम १९: समोरच्याला निवाड्याला आव्हान द्यायचं असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. या शेवटच्या कलमामुळे उगाच अपील करून वेळ काढणाऱ्यांना चाप बसतो.

‘पंधरा दिवस’ हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा. काम किंवा माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर स्वीकृती झाली असं धरलं जातं. सहा महिन्यांनी अचानक ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे.

चर्चा तापली ती पुढच्या दोन प्रश्नांवर.

पहिला: साहित्य आणि मजुरी एकत्र असलेलं कामाचं कंत्राट, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, या कायद्यात बसतं का? मुंबई उच्च न्यायालयाने ते बसत नाही असे निकाल दिलेले आहेत. देशभरातल्या उच्च न्यायालयांत यावर एकमत नाही. म्हणजे आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांना कौन्सिलच्या दारात ‘तुमचं कंत्राट वर्क्स काँट्रॅक्ट आहे’ ही हरकत ऐकावी लागणार. काही सहकारी म्हणाले, मग हे प्रकरण गाळूया, उगाच आशा लावायला नको. मी विरोध केला. निव्वळ मजुरीचं काम करणारे, दुरुस्ती-देखभालीची सेवा देणारे, फक्त फॅब्रिकेटेड माल पुरवणारे यांना हा कायदा थेट उपयोगी आहे, आणि त्यांनाच तो माहीत नसतो. शेवटी प्रकरण ठेवलं आणि धोक्याची सूचना पहिल्याच परिच्छेदात घातली.

दुसरा: लघुउद्योग म्हणून सरकारी (उद्यम) नोंदणी कधीची हवी? सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करार झाल्यानंतर नोंदणी करून मागच्या व्यवहाराचा लाभ घेता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा नोंदणीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. निर्णय काहीही होवो, संचात एकच सल्ला: उद्यम नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते, ती आजच करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

बिलावर क्रमांक छापण्याचा आणखी एक फायदा. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४३ब च्या उपकलम (ह) प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू झालं. जीएसटीतही बिलापासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास समोरच्याला घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) परत करावं लागतं. या दोन गोष्टींची नम्र आठवण करून देणारं पत्र थेट त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवायचं. साइटवरच्या साहेबापेक्षा अकाउंट्सवाल्याला हे पटकन कळतं.

१५ सप्टेंबर

न्यायालयाचा रस्ता. इथे फार लिहिण्यासारखं नाही, वकील लागणारच. पण वकिलाशी बोलताना कंत्राटदाराला काय विचारायचं ते कळावं.

लेखी करारावरची ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी दावा लावता येतो. त्यात समोरच्याला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सह्या झालेली बिलं, मेजरमेंट शीट, बाकी मान्य केल्याचं पत्र हे सगळं इथे कामी येतं. तोंडी जादा कामाचा दावा मात्र या दारातून आत जात नाही.

बांधकाम कंत्राटाचा वाद ३ लाख आणि त्याहून जास्त रकमेचा असेल तर व्यावसायिक न्यायालय अधिनियम २०१५ लागतो. ही मर्यादा आधी १ कोटी होती, २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही, आणि समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल घेऊन पुढे जाता येतं. मला व्यक्तिशः ही पायरी कंत्राटदाराच्या सोयीची वाटते. पुष्कळ वाद समोरासमोर बसून मोजणी जुळवली की सुटण्याजोगे असतात.

प्रतिवादी सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटिस आधी. भागीदारी फर्म नोंदणीकृत नसेल तर भागीदारी अधिनियम १९३२ चं कलम ६९ आड येतं, करारावरचा दावाच चालत नाही. दोन भावांनी मिळून काढलेल्या कितीतरी फर्म अशा बिननोंदणीच्या असतात. ‘फर्म नोंदणीकृत आहे का?’ हा प्रश्न आम्ही संचातल्या अर्जाच्या पहिल्या ओळीत घातला.

२३ सप्टेंबर

लवादाचं कलम आणि कपाती.

ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लवादाचं कलम असतं, कंत्राटदाराने ते कधीच वाचलेलं नसतं. दावा लावल्यावर समोरचा सुरुवातीलाच ते पुढे करतो आणि न्यायालय प्रकरण लवादाकडे पाठवतं. म्हणून आधी कागद उलटून बघायचा. लवादाची सुरुवात, लवाद कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, समोरच्याला तशी मागणी करणारी नोटिस मिळते त्या दिवशी होते. मुदतीच्या हिशेबात हीच तारीख धरायची.

‘लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक असतील’ अशी वाक्यं अजून छापली जातात. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १२(५) मुळे पक्षकाराचा कर्मचारी लवाद होऊ शकत नाही, आणि २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने अशा व्यक्तीला स्वतः दुसरा लवाद नेमण्याचाही अधिकार नाकारला. ८ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सार्वजनिक-खासगी करारांत एकतर्फी नेमणुकीची कलमं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. तेव्हा असं पत्र आलं तर मुकाट्याने हजर होऊ नये, लेखी हरकत घ्यावी.

कपातींवर अभियंता सहकाऱ्यांनी मन लावून लिहिलं. ‘उशीर झाला म्हणून दहा टक्के कापले’ हे वाक्य ऐकून माणूस गप्प बसतो, कारण ऑर्डरमध्ये तसं लिहिलेलं असतं. पण करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की ठरलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, भरपाई वाजवीच हवी. २०१५ च्या कैलाश नाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही. जिथे नुकसान मोजणं अशक्य तिथेच ठरलेला आकडा उपयोगी. आणि कलम ५५ चा शेवटचा भाग फारसा कुणी वापरत नाही: उशिरा झालेलं काम समोरच्याने स्वीकारताना भरपाई मागण्याची सूचना दिली नसेल, तर नंतर ती मागता येत नाही.

उशीर कुणामुळे झाला याचीही नोंद हवी. ड्रॉइंग उशिरा आलं, साइट मोकळी नव्हती, आधीच्या कंत्राटदाराचं काम अपुरं होतं, त्यांनी द्यायचं साहित्य पोचलं नाही. असं झालं त्या दिवशीच दोन ओळींचा मेल टाकावा.

३० सप्टेंबर

चेक परत आला तर: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटिस, ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम १३८ आणि १४२. पेमेंट स्टॉप केलं असलं तरी हे कलम लागू शकतं. चेक तीन महिन्यांतच बँकेत भरायचा. ‘थांबा, मी सांगतो तेव्हा टाका’ असं म्हणत चेक शिळा करणारे असतात.

६ ऑक्टोबर

मसुदा प्रत्यक्ष कंत्राटदारांसमोर वाचला. सर्वांत महत्त्वाची बैठक.

कायद्याबद्दल प्रश्न कमीच आले. एका ज्येष्ठ इलेक्ट्रिकल कंत्राटदारांनी सरळ सांगितलं, “ताई, हे सगळं खरं आहे. पण मी असं पत्र दिलं तर शेठ पुढचं काम देणार नाहीत. आणि माझ्याकडे दहा पोरं आहेत.” सगळी खोली गप्प झाली, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

या भीतीला कुठलंही कलम पुरत नाही. म्हणून आम्ही पत्रांचा सूर बदलला. पहिली तीन पत्रं अशी की ती नेहमीच्या कामकाजाचा भाग वाटावीत: मोजणीला बोलावणं, जादा कामाची नोंद, महिन्याअखेरचा हिशेब. ती सुरुवातीपासून, पैसे वेळेवर येत असतानाही पाठवायची. मग वाद झाल्यावर अचानक कागद काढल्यासारखं होत नाही आणि समोरच्यालाही तुमची ही पद्धतच आहे असं वाटतं. चौथं पत्र थकबाकीचं, तरीही मऊ. वकिलाची नोटिस त्यानंतर.

दुसरा प्रश्न काम थांबवण्याचा. पैसे आले नाहीत की रागाने माणसं काढून घेतली जातात, आणि तिथेच समोरच्याला हत्यार मिळतं: ‘काम अर्धवट सोडून पळाला, आम्ही दुसऱ्याकडून जास्त दराने करून घेतलं.’ थांबवणं कधी योग्य हे करारावर अवलंबून आहे, पण परिस्थिती काहीही असो, क्रम एकच सांगितला. आधी थकलेल्या बिलांची यादी देऊन लेखी सूचना आणि ठरावीक दिवसांची मुदत. मग झालेल्या कामाची संयुक्त मोजणी मागायची. ते आले नाहीत तर त्रयस्थ अभियंत्याकडून मोजून, फोटो काढून अहवाल त्यांना पाठवायचा. साइटवर पडलेल्या आपल्या साहित्याची आणि हत्यारांची यादी द्यायची. हे झाल्याशिवाय गेटबाहेर पडू नये.

१४ ऑक्टोबर

‘फुल अँड फायनल’ वर सही. पैशांची निकड असते, समोरून सांगितलं जातं की निम्मे घे आणि बाकी सोडल्याचं लिहून दे. सही केली की सगळं संपलं का? नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब, २००९: फसवणूक, जबरदस्ती किंवा दबावाखाली घेतलेलं नो-क्लेम प्रमाणपत्र दाव्याला अडथळा ठरत नाही. मात्र दबाव होता हे दाखवावं लागतं, आणि वर्षभराने आठवलेला दबाव कुणी मानत नाही. नमुना पत्र तयार केलं: पैसे मिळाल्यावर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, ‘ही सही बाकी बिल अडवून घेतली गेली आहे, उरलेल्या रकमेवरचा आमचा हक्क कायम आहे.’

जिथे खरोखर तडजोड झाली आहे तिथे हे पत्र पाठवू नये, हेही स्पष्ट लिहिलं. खोटेपणाला या संचात जागा नाही.

२४ ऑक्टोबर

उरलेले रस्ते आणि आडरस्ते.

पोलिस तक्रार. बहुतेक जण आधी तिकडेच धावतात. पैसे न देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. करार करतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसावं लागतं. दिवाणी वसुलीसाठी फौजदारी यंत्रणेचा दबाव वापरण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नाराजी व्यक्त केली आहे. दरम्यान दिवाणी मुदत चालूच राहते.

दिवाळखोरी संहिता २०१६. कंपनीविरुद्ध, थकबाकी किमान १ कोटी असेल तरच. मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही, हे २०१७ च्या मोबिलॉक्स निकालात आलं. आमच्या बहुतेक वाचकांसाठी हा रस्ता नाही, म्हणून अर्ध्या पानात संपवलं.

मोफत विधी साहाय्य. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक येतात. महिला कंत्राटदारांना उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्या जणींना माहीत आहे. मदतीचा क्रमांक १५१०० मोठ्या अक्षरात छापायचा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते, हेही त्याच पानावर.

३ नोव्हेंबर

मसुदा छपाईला देण्याजोगा झाला आहे. मोजणी, जादा काम, मासिक हिशेब, बाकीची खात्री, थकबाकी, काम थांबवण्याची सूचना आणि दबावाखालच्या सहीचं पत्र एवढे नमुने पक्के झाले. वर्क्स काँट्रॅक्टचा परिच्छेद शेवटच्या क्षणी पुन्हा वाचायचा, आणि बँक दर बदलला तर व्याजाचं उदाहरण नव्याने मांडायचं, म्हणून ते पान सुटं ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात त्या इलेक्ट्रिकल कंत्राटदारांचा निरोप आला. त्यांनी मासिक हिशेबाचं पत्र नव्या साइटवर पाठवायला सुरुवात केली आहे, जुन्या शेठना अजून नाही. त्या जुन्या बाकीचं काम कधी संपलं ते त्यांच्याकडून कळायचं आहे. तारीख हातात आली की आधी मुदतीचा तक्ता लावून बघायचा. वेळ कमी उरला असेल तर त्यांना या आठवड्यातच बोलावून घ्यावं लागेल.